रॉक बॅलड आणि घरातला मार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही दहा-पंधरा जण महिन्यातून एका रविवारी गाणी ऐकायला जमतो. गेलं वर्षभर एकच विषय चालू आहे: नात्यात मार खाणाऱ्या, धाकात राहणाऱ्या बायकांची गाणी, तीही रॉकमधली. जिन्यात, व्हॉट्सअॅपवर, चहा पिताना लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. उत्तरं माझी आहेत. बैठकीतले निम्मे लोक त्यावर वाद घालतील, आणि ते योग्यच आहे.

रॉक म्हणजे ढणाढणा. त्यात बॅलड कुठून आलं?

बॅलड म्हणजे मुळात गोष्ट सांगणारं गाणं. आपल्याकडे पोवाडा गोष्ट सांगतो, पण तो शूराची सांगतो. बॅलडला शूर माणूस लागतोच असं नाही, एखादी बाई रात्री दाराकडे बघत बसली आहे एवढंही पुरतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रॉक बँडांनी याला एक ठरलेला घाट दिला. सुरुवातीला एकटी गिटार किंवा पियानो, गाणारा जवळजवळ कुजबुजतो, मग अर्ध्यावर ड्रम येतात, शेवटाकडे सगळे मिळून आकाश फाडतात आणि मैदानावर लायटर पेटतात.

मार खाणाऱ्या बाईच्या गोष्टीला हा घाट फार शोभतो: आधी दबलेला आवाज, मग तो फुटतो. आणि धोकाही तिथेच आहे. ड्रम आले की आपल्याला मोकळं वाटतं, आणि आपल्याला वाटलं म्हणजे तीही सुटली, असा समज करून घेऊन आपण घरी जातो. माझी या विषयातली सगळी कटकट याच एका गोष्टीबद्दल आहे. पुढच्या उत्तरांत ती परत परत येईल, आत्ताच माफी मागून ठेवते.

कुठल्या गाण्यापासून सुरुवात करावी?

पर्ल जॅम या अमेरिकन बँडचं ‘बेटर मॅन’. १९९४ चा ‘व्हायटॉलॉजी’ हा अल्बम. बँडचा गायक एडी व्हेडर, त्यानं ते पर्ल जॅम जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, मिसरूड फुटायच्या वयात लिहिलं होतं. बँडला ते अल्बमवर घ्यायचं की नाही याचीच शंका होती, कारण ते फारच ‘हमखास गाजेल असं’ गाणं होतं. सिंगल म्हणून त्यांनी ते काढलंच नाही, तरी अमेरिकेतल्या रॉक रेडिओच्या यादीत ते आठ आठवडे पहिलं होतं.

गाण्यात घडत काहीच नाही. ती जागी आहे, घड्याळ बघते आहे, तो येईल तेव्हा काय बोलायचं याची मनातल्या मनात तालीम करते आहे. दार उघडतं. ती कूस बदलून झोपेचं सोंग घेते. बस्स. पुढे ती स्वतःला समजावते की माझं प्रेम आहे त्याच्यावर, याहून बरा कुठे मिळणार मला. आपल्याकडे यासाठी पूर्वीपासून एक वाक्य तयार आहे: पदरी पडलं नि पवित्र झालं.

गाण्यात मार कुठेही दाखवलेला नाही. एक थप्पड नाही, एक वळ नाही. तालमीवरूनच सगळं कळतं. ज्या घरात साधं वाक्य बोलायला तालीम लागते ते घर कसं असेल, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. व्हेडरनं हे गाणं आपल्या आईशी लग्न केलेल्या माणसाला उद्देशून आहे असं स्टेजवरून शिवी हासडून सांगितलेलं आहे. म्हणजे तालीम ऐकणारा त्याच घरातला मुलगा होता.

आणि आता गंमत बघा. मैफलीत हे गाणं लागलं की हजारो लोक, त्यातले बहुतेक पुरुष, गळा काढून तिचं ते वाक्य गातात, याहून बरा मिळत नाही म्हणून. जणू क्रिकेट सामना जिंकलाय. पहिल्यांदा ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, निदान तिच्या तोंडचे शब्द त्यांच्या तोंडी आले. कुठलं खरं, ते ठरत नाही.

मला इंग्रजी फारसं समजत नाही. चालेल?

चालेल. आम्ही आधी गोष्ट मराठीत सांगतो, मग गाणं लावतो. शब्दशः भाषांतर करत नाही. एकदा ‘बेटर मॅन’चं करून पाहिलं आणि दुसऱ्याच ओळीला अडकलो. ती मनात तालीम करते की मी जाते. मराठीत ती त्याला काय म्हणेल? ‘अहो’ की ‘तू’? ‘अहो, मी चालले’ म्हटलं तर भाजी आणायला निघाल्यासारखं वाटतं. ‘तू’ म्हटलं तर ती आधीच सुटलेली वाटते, मग गाणंच संपलं. आमच्यातल्या एका काकूंनी त्याहून मोठी अडचण दाखवली. आपल्यात घराबाहेर पडताना ‘जाते’ म्हणतच नाहीत, ‘येते’ म्हणतात. ‘जाते’ म्हणणं अशुभ. म्हणजे मराठी बाईला नवरा सोडून जायचं असेल तर निरोपाचा शब्दच नाही, ती सवयीनं ‘येते’ म्हणणार. मूळ गाण्याच्या शेवटीही हेच आहे: ती परत येईल.

आम्ही त्या दिवशी भाषांतर तिथेच ठेवलं आणि चहा मागवला.

‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ माझ्या लग्नात वाजवलं होतं. चुकलं का?

तुम्ही एकट्या नाही, जगभर वाजतं. द पोलिसचं १९८३ चं गाणं, ‘सिंक्रोनिसिटी’ अल्बममधलं, अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर. चाल इतकी लडिवाळ की ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी जन्मभर साथ देण्याचं वचन देतंय. शब्दांत तो तिच्या प्रत्येक श्वासावर, प्रत्येक पावलावर, प्रत्येक खोट्या हसण्यावर नजर ठेवून आहे. ते लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या स्टिंगनं स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की हे प्रेमाचं नाही, पाळतीचं आणि मालकीचं गाणं आहे. तरी लोक मंडपात वाजवतात.

वाजवलंत त्यात चूक नाही. पण एकदा शांतपणे ऐका आणि मग स्वतःला विचारा: कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, लोकेशन पाठव, व्हिडिओ कॉल कर, ‘लास्ट सीन’ का बंद केलंस, हे तुमच्या घरात काळजी या नावाखाली चालतं का? हात न उगारता माणूस कोंडता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानंही हे मानलं आहे. त्यात फक्त मारहाण नाही, अपमान, धमक्या, लैंगिक जबरदस्ती, पैसे अडवून ठेवणं हे सगळं हिंसेतच मोजलं जातं. अर्ध्या लोकांना हे माहीतच नसतं, म्हणून बैठकीत दर वेळी सांगते.

‘लुका’ हे गाणं मार खाणाऱ्या बाईचंच ना?

नाही, लहान मुलाचं. सुझॅन वेगा, १९८७. गाणारी बाई असल्यामुळे आमच्याकडेही अनेकांना ते एखाद्या सुनेचं गाणं वाटलं होतं. दुसऱ्या मजल्यावर राहणारा मुलगा शेजाऱ्याला सांगतो आहे, आवाज ऐकू आले तर विचारू नका. लुका नावाचा मुलगा वेगाच्या इमारतीत खरंच होता, पण तो मार खायचा असं तिचं म्हणणं नव्हतं. नाव आणि चेहरा तिनं उचलला, गोष्ट रचली. चाल अगदी उजळ आहे. अमेरिकेत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं ते बहुधा त्या चालीमुळेच. विषय वेगळा असूनही आम्ही ते ऐकतो, कारण मार खाणारा माणूस शेजाऱ्याची समजूत काढतो ही गोष्ट मुलाला आणि बाईला सारखीच लागू आहे.

ती सोडून का जात नाही?

हा प्रश्न दर बैठकीला येतो, बहुतेक वेळा मागच्या रांगेतून, आणि विचारणारा वाईट माणूस असतो असं मुळीच नाही.

उत्तरादाखल मी गाणं लावत नाही, टीना टर्नरची गोष्ट सांगते. आयक टर्नर नवरा होता आणि बँडचा मालकही, सगळे व्यवहार त्याच्या हातात. १९७६ च्या जुलैत डॅलसच्या हॉटेलातून ती रक्तानं माखलेल्या कपड्यांत पळाली. धावत महामार्ग ओलांडून समोरच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. खिशात ३६ सेंट आणि एक पेट्रोल कार्ड. तोवर ती कित्येक वर्षं जगप्रसिद्ध होती. प्रसिद्ध बाईकडे ३६ सेंट. घटस्फोट १९७८ मध्ये झाला, त्यात तिनं पैसे, गाण्यांचे हक्क असल्या गोष्टींवर पाणी सोडलं आणि टीना टर्नर हे नाव तेवढं मागून घेतलं. स्वतःच्या बळावर पुन्हा वर यायला १९८४ उजाडलं, तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

आता हे मुंबईत आणा. भाड्याची एक खोली घ्यायची तर आधी डिपॉझिट. करार कुणाच्या नावानं करणार, सोसायटी एकट्या बाईला देईल का, मुलांची शाळा कुठली, नोकरी विरारला की ठाण्याला. माहेर असतं, पण माहेरी भावाचा संसार वन रूम किचनमध्ये असतो आणि आई म्हणते, थोडं सांभाळून घे. शिवाय तो रोज मारत नाही. मधल्या दिवसांत तो गजरा आणतो, मुलांना चौपाटीवर नेतो. ती नेमकं कुठल्या दिवशी जाणार?

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणींना उशिरा कळते: मघाशी सांगितलेल्या २००५ च्या कायद्यानं बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. म्हणजे ‘सोडून का जात नाही’ या प्रश्नाला ‘तिनंच का जायचं?’ असा उलटा प्रश्न कायदाही विचारतो. टीना टर्नरचं एकही मोठं गाणं मारहाणीचं रडगाणं नाही, हेही सांगायला हवं. मुलाखतींत आयकबद्दल विचारून विचारून लोकांनी तिला वीट आणला होता.

शेजारच्या घरातून आवाज येतात. गाण्यात शेजारी काय करतात?

बहुतेक गाण्यांत काहीच करत नाहीत, आणि हे सांगण्याची हिंमत ट्रेसी चॅपमननं केली. ‘बिहाइंड द वॉल’, १९८८, तिच्या पहिल्याच अल्बममधलं. दोन मिनिटांचंही नाही. गिटार नाही, ड्रम नाहीत, नुसता आवाज. भिंतीपलीकडे किंचाळणं ऐकत जागी राहिलेली शेजारीण बोलते आहे. पोलिसांना बोलवून उपयोग नाही, ते उशिरा येतात, आले तर. आले तरी नवरा-बायकोच्या भानगडीत पडता येत नाही म्हणतात. पुढे एका रात्री किंचाळणं थांबतं आणि रुग्णवाहिका येते. पोलीस जमलेल्या गर्दीला सांगतो, झोपा आता सगळे.

याला रॉक म्हणायचं का, यावर आमच्याकडे एक तास भांडण झालं. मी म्हणते, म्हणा किंवा नका म्हणू, पण ड्रम येऊन मोकळं करणारी पळवाट इथे नाही, म्हणून हे या यादीतलं सगळ्यात प्रामाणिक गाणं आहे. ते लावताना आम्ही पंखा बंद करतो, नाहीतर आवाज दबतो. पंखा बंद झाला की खिडकीतून बाहेरचं सगळं आत येतं: कुकरची शिट्टी, मालिकेचं शीर्षकगीत, कुणाचं तरी चढलेलं बोलणं. चाळीत वाढलेल्या माणसाला भिंतीपलीकडचं ऐकू येत नाही असं म्हणायची सोयच नाही. आमच्या चाळीत अशा वेळी रेडिओ मोठा करायची पद्धत होती. माझी आजी म्हणायची, नवऱ्यानं मारलं नि पावसानं झोडपलं तर तक्रार कुणाकडे? आणि ती रेडिओ मोठा करायची.

आता तक्रार कुणाकडे, याचं उत्तर आहे. त्याच कायद्याप्रमाणे कुणीही, म्हणजे शेजारीसुद्धा, त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूनं कळवलं तर कळवणाऱ्यावर काही येत नाही. तेवढंही जमत नसेल तर बेल वाजवा. २००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेनं ‘बेल बजाओ’ मोहीम काढली होती, टीव्हीवर जाहिराती लागायच्या. भांडण ऐकू आलं की शेजाऱ्यानं बेल वाजवायची आणि वाटीभर दूध मागायचं, चेंडू मागायचा, काहीही. हात थांबण्यापुरता एक क्षण. वाटीभर साखर मागण्याची मुंबईची जुनी सवय या कामाला फार बरी पडते.

शेवटी ती त्याला मारते, अशी गाणी जास्त चांगली नाहीत का?

ऐकायला चांगली, हो. एरोस्मिथचं १९८९ चं ‘जेनीज गॉट अ गन’ आहे, तिथे बापाच्या अत्याचारावर मुलगी बंदूक उचलते. अमेरिकेतल्या ‘कंट्री’ संगीतात तर ढीग आहे. मार्टिना मॅकब्राइडनं १९९४ मध्ये गायलेल्या ‘इंडिपेंडन्स डे’त आई घर पेटवते. (शीर्षकामुळे कित्येक अमेरिकनांनी ते देशभक्तीचं गाणं म्हणून वाजवलं. ऐकत कोण असतं?) ‘गुडबाय अर्ल’मध्ये दोघी मैत्रिणी मिळून नवऱ्याला विष घालतात, तेही हसत-खेळत, आणि काही रेडिओ केंद्रांनी ते लावायला नकार दिला. मारणारे नवरे असलेली गाणी लावायला मात्र कुणी नकार दिल्याचं फारसं ऐकिवात नाही.

मी ही गाणी आनंदानं ऐकते, स्वयंपाक करताना तर खास. पण त्यांत सुटका ऐकणाऱ्याची होते. बंदूक, आग, विष यांनी गोष्ट संपवता येते. पोलीस, वकील, मुलांचा ताबा, तुरुंग हे चौथ्या कडव्यात बसत नाही.

निकलबॅकची आमच्याकडे सगळे टर उडवतात, पण २००१ च्या त्यांच्या ‘नेव्हर अगेन’मध्ये एक जागा मला या सगळ्या आगींपेक्षा मोठी वाटते. आई दवाखान्यात आहे आणि नर्सला सांगायचं आहे, घसरून पडले. एवढंच. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००० मध्ये महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं ते याच वाक्यासाठी. बाई पोलिसांकडे जात नाही, वकिलाकडे तर नाहीच, पण टाके घालायला दवाखान्यात येते आणि सांगते, बाथरूममध्ये पाय घसरला. तिथल्या डॉक्टर-नर्सनी ते ओळखायला शिकायचं, आणि तिला त्याच इमारतीत समुपदेशकापर्यंत पोचवायचं.

ही गाणी बहुतेक पुरुषांनीच का लिहिली आहेत? त्यांना काय कळतं?

काहींना कळतं, कारण ते त्या घरात मुलगे होते. काहींना कळतं, कारण ते मारणारे होते. जॉन लेननचं बीटल्समधलं १९६५ चं ‘रन फॉर युवर लाइफ’ ऐका, दुसऱ्याबरोबर दिसलीस तर जीव घेईन अशी सरळ धमकी आहे आणि चाल टिचक्या वाजवाव्या अशी. दोन वर्षांनी ‘गेटिंग बेटर’मध्ये एक ओळ येते, मी माझ्या बाईशी क्रूरपणे वागायचो, तिला मारायचो. १९८० च्या मुलाखतीत लेननं सांगितलं की ते माझ्याचबद्दल आहे, मी बायकांना मारत असे. हे बीटल्सच्या भक्तांना सांगितलं की चहा कडू होतो.

याहून अवघड म्हणजे १९६२ चं ‘ही हिट मी’, द क्रिस्टल्स या मुलींच्या चमूनं गायलेलं. त्यानं मारलं आणि ते चुंबनासारखं वाटलं, असा त्याचा आशय. लिहिणारे कॅरोल किंग, म्हणजे एक बाईच, आणि तिचा नवरा गेरी गोफिन. त्यांच्याकडे मूल सांभाळायला येणारी मुलगी, जी पुढे लिटल इव्हा म्हणून गाजली, तिनं सांगितलं होतं की तो मारतो कारण त्याचं प्रेम आहे. गोफिन आणि किंगनं तेच गाण्यात घातलं. लोकांनी ओरड केली, गाणं मागे घ्यावं लागलं. निर्माता फिल स्पेक्टर. त्याला २००९ मध्ये एका अभिनेत्रीच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. १९९५ मध्ये कोर्टनी लव्हनं हेच गाणं आपल्या ‘होल’ बँडबरोबर एमटीव्हीच्या कार्यक्रमात गायलं. शब्द तेच, पण तिच्या आवाजात त्यातला गोडवा नासलेला ऐकू येतो. गाणं कुणी लिहिलं यापेक्षा ते कोण कुठल्या आवाजात म्हणतंय, हे मी आधी बघते.

बायकांनी स्वतःचं सांगितलेलंही आहे. इव्हानेसन्सच्या ॲमी लीनं २००३ चं ‘गोइंग अंडर’ वाईट नात्यातून बाहेर पडताना लिहिलं. टोरी एमसचं ‘मी अँड अ गन’ बलात्काराबद्दल आहे, तेही साथीशिवाय. १९९४ मध्ये अमेरिकेत लैंगिक अत्याचाराविरुद्ध काम करणारी ‘रेन’ ही संस्था उभी राहिली तेव्हा पहिली प्रवक्ती तीच होती. हे गाणं आम्ही बैठकीत लावत नाही. ज्याला ऐकायचं त्यानं घरी, आपल्या वेळेला ऐकावं.

मराठीत असं काही आहे का, की सगळं परदेशीच?

गिटारवरचं फारसं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत धोबी तलावच्या रंगभवनात आय-रॉक, म्हणजे ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा बँडांचा महोत्सव व्हायचा, १९८६ पासून. मीही कॉलेज बुडवून गेले आहे. हजारो मुलगे, आम्ही मूठभर मुली, पाठीला पाठ लावून उभ्या. स्टेजवर इंग्रजी, खाली मराठी-गुजराती-कोकणी, आणि गाण्यातलं दुःख सिॲटलचं किंवा बर्मिंगहॅमचं. गिरगावातलं कुणी गात नव्हतं.

पण गोष्ट सांगणारं गाणं म्हणाल तर आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि शाळेत जाणाऱ्या मुली ते हत्तीभोवती फेर धरून गातात. भोंडल्याच्या गाण्यात ‘अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं’ ही ओळ तुम्ही आम्ही सगळ्यांनी म्हटली आहे आणि मग खिरापत ओळखायला धावलो आहोत. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते वेल लाव, मग जा. लावला तर म्हणते फूल येऊ दे, मग कारलं येऊ दे, मग भाजी कर. परवानगी नाकारायची नाही, नुसती पुढे ढकलायची. छळाचं इतकं अचूक वर्णन पाश्चात्त्य रॉकमध्ये मला अजून सापडलेलं नाही.

जात्यावरच्या ओव्या तर वेगळंच जग. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आता त्या ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. पहाटे घर झोपलेलं, जात्याचा आवाज एवढा की आत काय म्हटलं ते बाहेर कळू नये. ‘बेटर मॅन’मधली तालीम मनातल्या मनात होते, आमच्या आज्या-पणज्यांनी ती जात्यावर मोठ्यानं केली.

मुंबईतलंच सांगायचं तर स्त्रीमुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’, १९८३, ज्योती म्हापसेकरांचं. आमच्या मैदानात प्रयोग झाला तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायका गाण्यांना टाळ्या धरत होत्या आणि मागे उभे असलेले नवरे जमिनीकडे बघत होते. साथीला गिटार नव्हती, पण माझ्या लेखी ते रॉकच होतं.

आमचा कॉलेजचा बँड आहे. ‘फेस डाउन’ वाजवू का?

वाजवा. रेड जंपसूट ॲपरेटसचं २००६ चं ते गाणं ढकलून देणाऱ्या पुरुषाला थेट विचारतं, आता मोठा वाटतोस का स्वतःला. मुलांनी मुलांना विचारलेलं बरं. फक्त त्यावर उड्या मारून झाल्यावर बँडमधल्या कुणाच्या मैत्रिणीचा फोन रोज कोण तपासतं, तेही एकमेकांना विचारा.

मुलांना आणलं तर?

चौदा-पंधराच्या वरची आणा. लहान मुलं ‘लुका’ला हमखास प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरं आई-बापांनी घरी द्यायची असतात.

ऐकताना मला माझंच घर आठवलं. पुढे काय?

उठून जिन्यात आलात तरी कुणी मागे येऊन ‘काय झालं’ विचारणार नाही. बोलावंसं वाटलं तर मी असतेच. पण मी गाणी लावणारी बाई आहे, समुपदेशक नाही, म्हणून हे लिहून ठेवते. जीवाला धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१, मुंबई पोलिसांचा १०३. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण बोलायला समाजकार्यकर्त्या. वकिली मदतीसाठी फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी उभं केलेलं ‘मजलिस’ आहे. त्यांनी स्वतः मार खाल्लेला आहे आणि तो लिहूनही ठेवला आहे. दवाखान्यात जावं लागलं तर डॉक्टरला खरं कारण सांगा आणि कागदावर लिहून घ्या. तो कागद नंतर उपयोगी पडतो.

फोन कुणी तपासत असेल तर हे नंबर ‘गॅस बुकिंग’, ‘लॉण्ड्री’ अशा नावांनी ठेवा. हे पानही बघून झालं की हिस्टरीतून काढून टाका.

गाणं संपल्यावर टाळ्या वाजवायच्या का?

‘बेटर मॅन’ला वाजतात, थांबवता येत नाहीत. ‘बिहाइंड द वॉल’नंतर कुणी वाजवत नाही. कुणीतरी उठून पंखा लावतं. एप्रिल-मेमध्ये ते गाणं आम्ही ठेवत नाही, पंख्याशिवाय दोन मिनिटंही निघत नाहीत. या वेळी जूनमध्ये लावू, फक्त पत्र्यावर पाऊस नसेल त्या रविवारी.